न मागितलेला गोल

मी एक जुना, मधोमध वाकलेला वासा आहे. ब्रॅकेनशॉ गावात, सेथ ग्रिमशॉच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्याचे छप्पर मी पेलून धरतो. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाचे पोपडे अजून आहेत, आणि गल्लीतली माणसे हसून विचारतात की खुराड्याला रंग देण्याची हौस कोणाची. मित्रांनो, तो रंग खुराड्यासाठी दिलेला नाही. मी फुटबॉलच्या मैदानावर दोन खांबांच्या डोक्यावर आडवा राहत होतो. माझ्या खालून चेंडू गेला तर गोल, वरून गेला तर नाही, एवढे सोपे माझे काम होते. ते मी चोख केले. पुढे जे झाले त्यात माझी चूक नव्हती, तरी त्याची कडवट चव माझ्या लाकडातून जात नाही, म्हणून सांगायला बसलो आहे.

मी उत्तरेकडच्या डोंगरावर वाढलो. सरळसोट झाड होतो. सरळ वाढण्याचे बक्षीस म्हणून मला सगळ्यांच्या आधी कापले. हॅल्सॉल मालकांच्या गिरणीचे धुराडे बांधायचे होते, त्याच्या परांचीला मी बांधला गेलो. धुराडे पुरे झाले, त्याच्यावर मालकांचे नाव पांढऱ्या विटांत कोरले गेले आणि परांचीचे वासे कोळशाच्या ढिगामागे फेकले गेले. तिथे दोन हिवाळे मी बर्फाखाली पडून होतो. काम संपल्यावर लाकडाची किंमत काय असते ते मला तेव्हाच कळले.

त्या काळी गावात सेथ आणि डॅन अशी दोस्तांची जोडी होती. सेथ गिरणीच्या रंगखात्यात कामाला होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत आणि कितीही घासले तरी तो रंग जात नसे. बोलणे कमी, आणि जे बोलेल त्यावर ठाम. डॅन एकर्स्ली कोळशाची गाडी हाकत असे. त्याच्या तोंडी सतत गाणे, आणि गावातल्या प्रत्येक कुत्र्याशी त्याची ओळख. या दोघांनी चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, रविवारच्या वर्गातली माणसे जमवून फुटबॉलचा क्लब काढला. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की सगळे हॅल्सॉलांच्या कुरणात धावत. आधी गाई हाकलायच्या, मग शेण उचलायचे आणि मग खेळायचे.

गोलाच्या दोन खांबांमध्ये तेव्हा वर एक फीत बांधत. वारा आला की फीत फुगे, पाऊस आला की लोंबे. चेंडू तिच्या वरून गेला की खालून, यावर दर शनिवारी हमरीतुमरी होई. शेवटी फितीच्या जागी लाकूड घालायचे ठरले आणि दोघे मला बघायला कोळशाच्या ढिगामागे आले.

"उचल त्या टोकाला," डॅन म्हणाला. "गाडीवर टाकू. कोण बघतंय?"

"थांब, मुकादमाला विचारून येतो."

"अरे, सडतोय तो इथे. विचारायला गेलास तर उगाच नाही म्हणतील."

"दुसऱ्याचं आहे ना? मग मागूनच घ्यायचं."

"आणि आपलं असलं तर?"

"आपलं असलं तर मागायचं कशाला?" सेथ म्हणाला.

डॅनने मोठ्याने हसून त्याच्या पाठीत थाप मारली. सेथ मुकादमाकडे गेला, टोपी काढून उभा राहिला आणि मला रीतसर मागून आणले. सेथची बायको टॅबिथा हिने चॅपलच्या पायरीवर बसून मला पांढरा रंग दिला. तिच्या जिभेला हाड नव्हते. "गिरणीत दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन चूल पेटवायची, आणि वर यांचं लाकूड रंगवायचं," ती म्हणत होती. "देव मला स्वर्गात खुर्ची देणार आहे, तीही गादीची." पण रंग तिने दोनदा दिला आणि माझ्या गाठीसुद्धा भरून काढल्या. मला कोणी मायेने हात लावण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता एक नियम तुम्हाला सांगायला हवा, कारण सगळे रामायण त्यातूनच घडले. तेव्हा दोन पंच असत, प्रत्येक संघाचा एक. निकाल दाखवायला त्यांच्या हातात रुमाल असे. पण पंच आपण होऊन काही बोलत नसत. खेळाडूने हात वर करून ओरडून दाद मागितली, तरच ते निकाल देत. कोणी दाद मागितलीच नाही, तर डोळ्यांदेखत घडलेली गोष्टही घडली नाही असे धरून खेळ पुढे जाई. त्यामुळे झाले काय, की खेळाडू पायाने कमी आणि घशाने जास्त खेळू लागले. खरे असो, खोटे असो, दाद मागत सुटायचे. एका शनिवारी अशाच खोट्या दादेवरून मारामारी झाली. टॅबिथाचा भाऊ लूक आमच्या संघात पुढे खेळायचा, त्याचे दोन दात पडले. चॅपलचे पाद्री संतापले. म्हणाले, एक तर हा आरडाओरडा बंद करा, नाहीतर क्लब बंद करा.

आठवडाभर मला चॅपलमध्ये भिंतीशी आडवा ठेवत, म्हणून पुढचे मी स्वतः पाहिले आहे. रविवारी सगळे जमले. सेथने तोडगा काढला. आपला संघ कधीही दाद मागणार नाही. चूक ज्याच्या हातून झाली, त्याने ती आपण होऊन सांगायची, मग तो आपल्यातला असो वा समोरचा. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची ठरली. सेथच्याही आधी डॅन पुढे झाला. त्याचा कोळशाने काळा झालेला हात आणि सेथचा निळा हात एकाच पुस्तकावर होते. पाद्री पुस्तक पुसून घेईपर्यंत लोक हसत होते.

मग आमचे नाव 'मुके' पडले. परगावचे संघ आले की कुंपणाबाहेरून ओरडत, "काय रे मुक्यांनो, आज तरी बोलणार का?" आमची माणसे गप्प खेळत. आणि गंमत बघा, काही दिवसांनी समोरचेही वरमू लागले. गप्प माणसासमोर खोटे ओरडायला जरा लाज वाटते. एकदा तर डॅनच्या हाताला चेंडू लागला आणि लगेच त्याने गोल केला. कोणाच्या लक्षात आले नव्हते. पंचांकडे जाऊन तो म्हणाला, "हाताला लागला होता, नका धरू." तो सामना आम्ही हरलो. तरी गावाने डॅनला खांद्यावर घेऊन मिरवले. त्या संध्याकाळी सेथचा चेहरा मी पाहिला. स्वतः सात गोल केले असते तरी तो इतका खूश झाला नसता. ती गोष्ट तो पुढे कोणालाही सांगायचा, ऐकणारा कंटाळला तरी सांगायचा.

काही वर्षे फार चांगली गेली. मग शेजारच्या ऑक्सली गावच्या क्लबने डॅनला बोलावले. तिथे त्याला एक दारूचा गुत्ता चालवायला मिळणार होता. कोळशाच्या गाडीवरून गल्ल्यावर बसायला कोण नाही म्हणेल? जायच्या दिवशी तो मैदानावर आला.

"रागावलास?" त्याने सेथला विचारले.

"रागवायचं काय? माझ्याविरुद्ध खेळशील एवढंच."

"खेळ तोच आहे रे. मी कुठल्याही गावात असलो तरी मीच आहे."

सेथने मान डोलावली. या एका वाक्यावर त्याने पुढे सगळा डाव लावला.

इकडे आमचे सामने बघायला गर्दी वाढत होती. गर्दी दिसली की मालक लोकांना खेळाची गोडी लागते. हॅल्सॉल मालकांनी जाहीर केले की कुरण त्यांचे आहे, तर क्लबही त्यांच्या पद्धतीने चालावा. स्कॉटलंडहून तरबेज खेळाडू आणायचे, गिरणीत त्यांना नावापुरते काम द्यायचे आणि दर शनिवारी जिंकायचे. सेथने तोंडावर नाही म्हटले. क्लब गावातल्या माणसांचा आहे, असे तो म्हणाला. रंगखात्यातल्या कामगाराने मालकाला नाही म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. हॅल्सॉल हसले.

"ठीक आहे, ग्रिमशॉ," ते म्हणाले. "कपाच्या सामन्यात ऑक्सली इथे येतंय ना? जिंकलात तर क्लब तुमचा, शपथ तुमची, कुरणही वापरा. मी पुन्हा नाव काढणार नाही. हरलात तर मग मी म्हणेन तसं."

"चालेल," सेथ म्हणाला.

टॅबिथा घरी त्याला काय म्हणाली ते मला पुढे तिच्याच तोंडून कळले. "एवढा सामना तरी तोंड उघडून खेळा. देव एका दुपारपुरता कानाडोळा करील."

"मग जिंकून राखायचं काय?" त्याने विचारले. टॅबिथाला उत्तर सुचले नाही, म्हणून तिने भांडी जोरात आपटली.

सामन्याच्या दिवशी सारा गाव लोटला होता. तेव्हा गोलामागे जाळी नसे. माझ्या मागे नुसती माणसे दाटीवाटीने उभी होती, आणि सगळ्यांत पुढे बेन वजडीवाला. त्याचे पोट एवढे की दोन माणसांची जागा अडे. ऑक्सलीचा कप्तान होता डॅन. सामन्याआधी त्याने सेथला मिठी मारली. गावाने टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

बराच वेळ कोणाचाच गोल होईना. चिखलात दोन्ही संघ ओळखू येईनासे झाले. खेळ संपत आला तेव्हा सेथने चेंडू पुढे ढकलला आणि लूकने धावत येऊन असा लाथाडला की माझ्या अंगावर चिखल उडाला. चेंडू माझ्या खालून गेला, वीतभर अंतर राखून. गोलरक्षक पडलेलाच होता. चेंडू थेट बेनच्या पोटावर आदळला आणि तसाच उसळून परत मैदानात आला. गोलरक्षकाने तो उचलला आणि दूर भिरकावून दिला.

सारे मैदान ओरडले. पण बघ्यांच्या ओरडण्याला नियमात किंमत नव्हती. लूकने हात वर केला, तोंड उघडले, आणि सेथने धावत येऊन आपला निळा हात त्याच्या तोंडावर दाबला.

"थांब," तो म्हणाला. "डॅनने बघितलंय. डॅन सांगेल."

खरेच, डॅन खांबाला टेकूनच उभा होता. माझ्या इतक्या जवळ, की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याने चेंडू जाताना पाहिला, बेनच्या पोटावर आदळताना पाहिला आणि परत येताना पाहिला. आमचे पंच म्हणजे चॅपलच्या वर्गाचे मास्तर. ते हातात रुमाल तयार धरून सेथकडे असे बघत होते, जणू म्हणत होते, एक शब्द बोल रे बाबा, एकच. सेथ त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो डॅनकडे बघत होता. आणि डॅन वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

नाडी बांधून झाली. डॅन उठला आणि चेंडूमागे धावत गेला.

थोड्याच वेळात पलीकडच्या टोकाला ऑक्सलीने गोल केला. तो चेंडू खरेच आत गेला की नाही, मला दिसले नाही, म्हणून त्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्या सगळ्यांनी एका सुरात दाद मागितली आणि त्यांना ती मिळाली. एवढेच मी सांगू शकतो.

सामना संपल्यावर डॅनने सेथचा हात हातात घेतला. "छान खेळलात," तो म्हणाला. सेथ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हाही त्याने विचारले नाही. लूक मात्र सगळ्यांसमोर सेथला म्हणाला, "तुझा हात चावायला हवा होता मी. बहिणीचा नवरा म्हणून सोडला."

मित्रांनो, घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे तुम्ही लोक म्हणता. मला या म्हणीचा मनस्वी राग येतो. मी वासा आहे, मी जागचा हललो नाही. फिरली ती माणसे. आठवड्याच्या आत हॅल्सॉलांनी क्लब ताब्यात घेतला, आणि ज्यांनी शपथ घेतली होती तेच त्यांच्या पुढे टोपी काढून उभे राहिले. आधी सेथचे कप्तानपद गेले, मग संघातली जागा. क्लबच्या नावातून चॅपलचे नाव पुसले गेले. स्कॉटलंडहून आलेले खेळाडू खेळायचे छान, ते मी नाकारत नाही. पण मंगळवारी आणि गुरुवारी त्यांच्या बरोबर आमची माणसे दाद मागण्याचा सराव करत. मैदानात रांगेत उभे राहून, हात वर करून, सगळे मिळून ओरडायचे. लूकचा आवाज सगळ्यांत मोठा होता. दोन दात नसल्याने तो शिट्टीसारखा निघे आणि लांबपर्यंत जाई. त्याला पुढे फार मान मिळाला.

सेथ रंगखात्यात काम करत राहिला. शनिवारी तो कुरणाच्या भिंतीबाहेर उभा राहून सामना बघायचा, आत यायचा नाही. हे सगळे मी सोसले असते. जे सोसवले नाही ते वेगळेच. गावात हळूहळू एक बोलणे सुरू झाले. कोणी तरी म्हणाले, चेंडू आत गेलाच नसेल. आत गेला असता तर सेथसारखा खरा माणूस मागितल्याशिवाय राहिला असता का? दुसऱ्याने मान डोलावली. ऑक्सलीच्या गुत्त्यात लोकांनी डॅनला विचारले, "नव्हताच ना रे आत?" आणि डॅनने होकाराची मान हलवली. बेन वजडीवाला आधी पोटावरचा चिखलाचा डाग सगळ्यांना दाखवत हिंडायचा. पुढे त्याला मैदानाच्या फाटकात वजडी विकायची परवानगी मिळाली. मग तो म्हणू लागला की आपणच जरा रेषेच्या पुढे सरकलो असू. शेवटी गावाने ठरवून टाकले की सेथने मागितला नाही, म्हणजे तो गोल नव्हताच.

बघा म्हणजे झाले. माणूस खरा आहे, म्हणून खोटा ठरला. सेथच्या प्रामाणिकपणाचाच पुरावा त्याच्या विरुद्ध वापरला, आणि असे करताना कोणालाही वाटले नाही की आपण काही वाईट करतो आहोत. उलट सगळे त्याचे कौतुकच करत होते.

काही वर्षांनी गोलांना जाळ्या आल्या. चेंडू जाळीत अडकू लागला, वाद मिटले. खांब नवे आले, वासा नवा आला. मला भिंतीशी टाकून दिले. त्या दिवशी सेथ इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाटकातून आत आला आणि टोपी काढून मैदानाच्या रखवालदाराला म्हणाला, "हा नेऊ का?"

"ने की बाबा. सरपण होईल."

एक टोक सेथच्या खांद्यावर, दुसरे टॅबिथाच्या, असा मी गावातून गेलो. बाजाराच्या वळणावर मी अडकलो तेव्हा लोक हसले. टॅबिथा म्हणाली, "हसा, हसा. तुमची तिरडी या वळणावरून जाईल तेव्हा मीही हसेन." परसात मी मावत नव्हतो, म्हणून माझी दोन्ही टोके कापली. दुखले, पण सरपण व्हायचे टळले. खुराड्याच्या छपराखाली मला बसवताना सेथने माझ्यावरचा रंग मात्र खरवडू दिला नाही.

वर्षे गेली. सेथचे केस पिकले, हात निळेच राहिले. डॅन ऑक्सली सोडून पुन्हा ब्रॅकेनशॉत आला, मैदानासमोर त्याचा मोठा गुत्ता झाला आणि तो क्लबच्या कारभाऱ्यांत बसू लागला. क्लबला पंचवीस वर्षे झाली तेव्हा शनिवारी दुपारी मेजवानी ठरली. तिचे आमंत्रण द्यायला डॅन स्वतः सेथच्या परसात आला. त्याच्या कोटाच्या खिशावर सोन्याची साखळी लोंबत होती. आला तो हसतच आला.

"सेथ, माझ्या शेजारची खुर्ची तुझी. मी भाषण करणार आहे. त्या सामन्याची गोष्ट सांगणार. लोकांना फार आवडते. सेथ ग्रिमशॉला ठाऊक होतं की गोल नाही, म्हणून त्याने तोंड उघडलं नाही, असा होता आपला पहिला कप्तान, असं सांगतो मी नेहमी."

सेथ कोंबड्यांना दाणे टाकत होता. त्याने वर पाहिले नाही. टॅबिथा मात्र ओले हात पुसत बाहेर आली.

"डॅन," ती म्हणाली, "मी काही बायबलवर हात ठेवला नव्हता. मला विचारायला मोकळीक आहे. चेंडू आत गेला होता का?"

डॅनने टोपी हातात फिरवली. मला वाटले, आता हा नाडी बांधायला वाकणार. पण नाही.

"गेला होता की," तो म्हणाला.

इतके सहज, जणू कोणी त्याला वाजले किती ते विचारले होते. सेथच्या हातातले दाणे तसेच राहिले.

"मग इतकी वर्षं नव्हता म्हणून का सांगत फिरलास?"

"लोकच म्हणायला लागले. मी आपली मान हलवली. त्यात कोणाचं काय गेलं?" मग तो सेथकडे वळला आणि त्याचा आवाज उतरला. "तुला खरं सांगतो. त्या दिवशी तू नुसतं विचारलं असतंस ना, डॅन, आत होता का, तर तुझ्या तोंडावर मी खोटं बोललो नसतो. मला जमलंच नसतं. मी वाट बघत होतो. तू विचारलंच नाहीस."

"मी तुझी वाट बघत होतो," सेथ म्हणाला.

टॅबिथा मधे पडली. "मग शनिवारी सगळ्यांच्या समोर हे सांग."

"कोणी विचारलं तर सांगेन," डॅन म्हणाला. "हॅल्सॉल मालक बसलेले असणार, बाई. आपण होऊन कसं सांगायचं?"

तो गेल्यावर टॅबिथाने सेथला धरून बसवले. "ऐकलंस ना? तो नाही म्हणणार नाही. तू फक्त उभं राहायचं आणि विचारायचं. चार शब्द. चेंडू आत होता का. शपथ घेतलेला क्लब केव्हाच मेला, सेथ. आता ती शपथ कोणासाठी पाळतोस?"

शनिवारी सकाळी सेथने दाढी केली, रविवारचा कोट घातला आणि टॅबिथाने तो पाठीवर ब्रशने झाडला. जाताना तो माझ्यापाशी थांबला आणि ते चार शब्द हळूच म्हणून पाहिले. मी ऐकले. शब्द नीट आले. मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडालाही त्या दिवशी आशा वाटली. इतकी आशा मला कपाच्या सामन्यालाही वाटली नव्हती.

चहाच्या वेळेला तो परत आला. टॅबिथा दारातच उभी होती.

"विचारलंस?"

सेथने कोट काढून खुंटीला लावला. "त्याने गोष्ट सांगितली. आपली नेहमीची. मग मधेच थांबला आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता सांगेल."

"आणि?"

"मग पुडिंग आलं."

टॅबिथाला शब्द सुचले नाहीत असे आयुष्यात दुसऱ्यांदाच झाले, आणि या वेळी तिने भांडीसुद्धा आपटली नाहीत. आत जाऊन तिने त्याच्यासाठी चहा ओतला.

पुढच्या हिवाळ्यात सेथ गेला. क्लबने फुलांचे चक्र पाठवले. त्यावर 'एका जुन्या खेळाडूस' असे लिहिले होते. कप्तान नाही, संस्थापक नाही, नावसुद्धा नाही. क्लबचे संस्थापक म्हणून मैदानाच्या फाटकावर हॅल्सॉल मालकांचे नाव लागले आहे. डॅन प्रेताला खांदा द्यायला आला होता आणि खूप रडला. त्याचे रडणे खोटे नव्हते, म्हणूनच मला त्याची जास्त चीड येते.

सेथवरही माझा राग आहे, हे मी लपवणार नाही. आपल्या हक्काचे आहे ते समोरच्याने आपण होऊन द्यावे, असे म्हणणे फार सुंदर आहे, पण समोर देव बसलेला नसतो. तरी मी त्याला एकट्याला बोल लावत नाही. त्या दिवशी मैदानावर सारा गाव होता. मास्तरांनी पाहिले होते, बेनने पोटावर झेलले होते, लूकने तर मारलाच होता. नियमाने सामन्यात त्यांचे तोंड बांधले होते हे खरे. पण सामना संपल्यावर? त्यानंतरच्या इतक्या वर्षांत? एकानेही बाजारात उभे राहून म्हटले नाही की, चेंडू आत होता, मी पाहिला. सगळ्यांचे म्हणणे एकच, आम्हाला कोणी विचारले नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. आम्हा जुन्या वस्तूंना सरपण करू नका, हे तर आम्ही सगळेच सांगतो. पण वस्तूंपेक्षा माणसे सांभाळा. काही माणसांना मागता येत नाही. त्यांचे असते ते त्यांनी मागण्याआधी तुम्ही सांगा. तुम्हाला तोंड आहे, जीभ आहे, आणि कोणी तुमच्या तोंडावर हात दाबलेला नाही. मला यातले काहीच नव्हते, आणि मला तर कोणी कधीच काही विचारले नाही.

तरी मी सांगतो. तो माझ्या खालून, वीतभर अंतर राखून गेला. चेंडू आत होता.